डावीकडची माया

टेलरकाकू माप घेताना तोंडातल्या टाचण्या काढत नाहीत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागतं. पण २०२४च्या डिसेंबरात, भाच्याच्या लग्नातल्या ब्लाऊजचं माप घेताना, त्यांनी सगळ्या टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. टेप पुन्हा एकदा माझ्या खांद्यावर धरली, खाली आणली, मग माझ्या मागे जाऊन आरशात पाहिलं. "ताई, डावी बाजू वर चढलीय तुमची." मी म्हटलं, वाकडी उभी असेन. "नाही हो, सरळ उभ्या आहात. मागच्या खेपेला सव्वानऊ होतं, आज पावणेनऊ भरतंय." एवढं बोलून टाचण्या परत ओठांत गेल्या आणि बाही कुठवर हवी, असं त्यांनी विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं. ब्लाऊज शिवून आल्यावर कळलं की मी ‘कोपरापर्यंत’ म्हटलं होतं. मला कोपरापर्यंतच्या बाह्या अजिबात आवडत नाहीत.

येताना फडके रोडवर मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, दूध घेतलं, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला. सगळं नेहमीसारखं, पण डोक्यात पावणेनऊ. अर्धा इंच म्हणजे बोटाचं अर्धं पेर. एवढ्याशा फरकाने कुणाचं काय बिघडतं? मेथी निवडताना मी तीन वेळा खांद्यापासून खाली वीत टाकून पाहिली. वीत काही पाव आणि पाऊण सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर मला काळजीपेक्षा राग जास्त आला होता. कारण आदल्याच महिन्यात मी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी मान, काखा, टाक्याची रेघ, सगळं बोटांनी चाचपून पाहिलं होतं, उजवीकडची मॅमोग्राफी उजेडावर धरून पाहिली होती आणि चष्मा काढून म्हणाले होते, "दहा वर्षं झाली. उत्तम. आता पुढच्या वर्षी." त्या दिवशी नवऱ्याने स्टेशनबाहेर अर्धा किलो पेढे घेतले. लेकीने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला, "आई, सुटलीस!" सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आणि महिन्याभरात टिळकनगरातल्या तळमजल्याच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, एक बाई मला सांगत होती की काहीतरी हललंय.

गाठ शोधायची सवय झालेल्या बोटांना अर्धा इंच लागत नाही. टेलरला गाठीशी काही देणंघेणं नसतं, तिला कापड कुठे चुणी धरतंय तेवढंच दिसतं.

काकूंकडे मी २००९ पासून ब्लाऊज शिवते. त्यांची माप लिहायची वही लांबट, रोजमेळाची. पानाच्या डोक्यावर नाव, खाली उंची, छाती, कमर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, शोल्डरपासून टक्सच्या टोकापर्यंतचं अंतर. २०१५च्या दसऱ्याच्या आधी मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा घरून वाक्य पाठ करून गेले होते, "काकू, माझं जरा ऑपरेशन झालंय." ते वाक्य मी उंबऱ्यात उभं राहून म्हटलं. त्या म्हणाल्या, "या, आत या, पंखा लावते." टेप टाकली, उजवीकडे मोजलं, डावीकडे मोजलं, आणि वहीत एका आकड्याच्या जागी दोन आकडे लिहिले, मधे तिरकी रेघ. पुढे कधी एक प्रश्न नाही. कटोरीचं ब्लाऊज बंद केलं, साधे टक्स घातले, डावीकडे एक टक्स कमी. "अस्तर जाड घालते, म्हणजे बसेल." बस्स. तोवर माझ्या त्या भागाबद्दल एवढी माणसं एवढं बोलली होती की त्या तिरक्या रेघेने मला भरून आलं. बायका त्याचं नाव घेत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहेच. आमच्याकडे ‘ते ऑपरेशन’. डॉक्टर इंग्रजीत बोलून सुटतात. काकूंची ‘बाजू’ मला सगळ्यात बरी वाटते. उजवी बाजू, डावी बाजू. नाण्याला असतात, वादाला असतात.

२०१४चं फार सांगत नाही. अंघोळीत हाताला लागलेली गाठ, सुई, रिपोर्ट, आठ दिवसांत सगळं घर दुसऱ्याचं झाल्यासारखं. मी ४४ वर्षांची होते. स्तन पूर्ण काढावा लागणार म्हटल्यावर तिथल्या तिथे प्लास्टिक सर्जनना भेटायला सांगितलं. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून म्हणाल्या, "आता या वयात कशाला गं ते?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, काळजी होती; एकाऐवजी दोन ऑपरेशनं, जास्त वेळ भूल. पण मला तेव्हा ते फार लागलं. मला पदर नीट बसायला हवा होता. मला बँकेत काउंटरवर बसताना कुणाची नजर घसरून परत वर यायला नको होती. हे सगळं ‘आत्मविश्वास’ वगैरे शब्दांत सांगता येतं, पण खरं कारण एवढंच होतं की मला मी होते तशी दिसायचं होतं. आधी स्नायूखाली एक रिकामी पिशवी बसवली. दर आठवड्याला तिच्यात कातडीतून सुई घालून मिठाचं पाणी भरायचे, थोडं थोडं, कातडी ताणत नेण्यासाठी. भरून झालं की दोन दिवस छातीवर कुणी पाट ठेवलाय असं वाटायचं. मग किमो संपल्यावर ती पिशवी काढून सिलिकॉनचा इम्प्लांट, आणि त्यानंतर पंचवीस दिवस रेडिएशन. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीत रोज किती मिलिलीटर आलं ते लिहायची वही नवऱ्याने केली होती, तारखेसकट, समास आखून. त्याला लिहून ठेवण्याचं वेड आहे. ते पुढे उपयोगी पडलं.

दिसायला ते छान झालं. साडीत तर कुणाला ओळखू येत नसे. आतून मात्र ते माझं कधीच झालं नाही, आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, की कदाचित सांगितली असेल आणि माझ्या कानापर्यंत आली नसेल. त्या जागी संवेदना नाही. एकदा कढीला फोडणी देताना मोहरी उडाली. संध्याकाळी गाऊन बदलताना पाहिलं तर डावीकडे तीन लाल ठिपके, एकावर फोड. मला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून गॅससमोर मी किंचित उजवा खांदा पुढे करून उभी राहते. लेक म्हणते, आई तलवारबाजीला निघाल्यासारखी फोडणी देतेस. लोकलमध्ये कुणाचं कोपर लागलं तर ते मला त्या बाईच्या ‘सॉरी’वरून कळतं. महाबळेश्वरला जानेवारीत गेलो होतो, तेव्हा रात्री पांघरुणात सगळं अंग ऊबदार झालं आणि तेवढा एक भाग तळघरातल्या माठासारखा गार. हात लावला की हाताला गार लागायचं, छातीला काहीच नाही. आपल्याच अंगात आपल्या हाताला कुणीतरी परकं भेटावं, तसं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गरम पाण्याची पिशवी देऊ का? मी म्हटलं, नको, भाजलं तरी कळणार नाही.

सांगायचं ते हे, की माझे दोन फॉलोअप होते आणि मी एकच पाळला.

पहिला कॅन्सरचा. तो सगळ्यांना माहीत असतो. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, मग वर्षाने. उजवीकडची मॅमोग्राफी, कॅन्सरची गोळी चालू असेपर्यंत हाडांची तपासणी, दरवेळी आदल्या रात्री झोप न येणं. त्याला नवरा रजा काढतो, लेक फोन करते, शेजारच्या वहिनी डबा देतात. दुसरा त्या वस्तूचा. तिला गर्दी नव्हती. प्लास्टिक सर्जनकडे मी २०१८ पर्यंत गेले. मग ते दुसऱ्या हॉस्पिटलला गेले, मला पनवेलच्या पुढे जाणं जिवावर आलं, आणि दिसायला सगळं ठीकच होतं. २०१५ मध्ये टाके काढताना ते म्हणाले होते, "हे आयुष्यभराचं नसतं हं. कधीतरी बदलावं लागेल." मी मान डोलावली होती. तेव्हा मला आयुष्यभर या शब्दाची लांबी साधारण पाच वर्षं वाटत होती. पुढचं कोण विचारतंय! सिलिकॉनचा इम्प्लांट आत फाटला तरी बाहेर काहीही दिसत नाही, दुखत नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२० मध्ये सांगून ठेवलं आहे की बसवल्यापासून पाच-सहा वर्षांनी एकदा सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, तक्रार नसली तरी. हे मला नवव्या वर्षी कळलं. मी बँकेत आहे. लॉकरचं भाडं थकलं तर आम्ही माणसाला पत्र पाठवतो, मेसेज पाठवतो, फोन करतो. छातीत ठेवलेल्या वस्तूसाठी मला दहा वर्षांत एकही मेसेज आला नाही. ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती लावून ‘वॉरियर’ म्हणून भाषणाला बोलावणारे मात्र दरवर्षी न चुकता फोन करतात.

नाही म्हणायला, एकदा घाबरले होते. जुलै २०१९. लेकीने रात्री बातमी पाठवली की अ‍ॅलरगन कंपनीने बायोसेल नावाचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवलेत. खरखरीत अशासाठी करतात की आजूबाजूच्या ऊतीने पकड घ्यावी आणि इम्प्लांट आत फिरू नये. पण त्याच खरखरीतपणाशी एक दुर्मीळ लिम्फोमा जोडलेला निघाला. स्तनाचा कॅन्सर नव्हे, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा, रोगप्रतिकारक पेशींचा. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला रीतसर नाव दिलं होतं. एफडीएने त्या जुलैत आकडा सांगितला तो जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यूंचा, आणि त्यातले ४८१ त्या एका कंपनीच्या इम्प्लांटशी जोडलेले. जगभरात लाखो बायकांच्या अंगात इम्प्लांट आहेत, त्या मानाने आकडा लहान. पण रात्री साडेअकराला, एका कॅन्सरमधून बाहेर पडण्यासाठी बसवलेल्या वस्तूमुळे दुसरा कॅन्सर होऊ शकतो हे वाचताना कुणी भागाकार करत नाही.

प्रश्न साधा होता, माझ्या आत कुठल्या कंपनीचा आहे? मला माहीत नव्हतं. विचार करा, मला माझ्या मिक्सरची कंपनी माहीत होती. हॉस्पिटलला फोन केला तर पहिल्यांदा ‘मेडिकल रेकॉर्डला लावते’ म्हणून गाणं ऐकवलं, दुसऱ्यांदा सांगितलं की २०१५च्या फायली गोडाऊनला आहेत, अर्ज द्या. डिस्चार्जच्या कागदावर फक्त ‘सिलिकॉन इम्प्लांट, लेफ्ट’. मी डोक्याला हात लावून बसले तेव्हा नवरा शांतपणे उठला, लोखंडी कपाटातली निळी प्लास्टिकची फाइल काढून आणली. तिच्यावर त्याच्या अक्षरात ‘वॉरंटी’ असं लिहिलंय. फ्रीज, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरच्या मागच्या कप्प्यात एक छोटं कार्ड, त्यावर चिकटवलेला स्टिकर. कंपनी, मापं, लॉट नंबर, सिरियल नंबर, खाली माझं नाव हाताने लिहिलेलं आणि ‘लेफ्ट’ला गोल. ऑपरेशनच्या दिवशी नर्सने त्याच्या हातात दिलं होतं. त्याने वॉरंटीत लावलं, कारण त्याच्या मते ते तेच होतं. मला त्या रात्री इतकं हसू आलं की त्याला वाटलं मी रडतेय. कंपनी वेगळी निघाली. खरखरीत होताच, पण परत मागवलेल्यांतला नव्हता. डॉक्टरांना कार्डाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: तक्रार नसेल तर काढायची गरज नाही, अगदी परत मागवलेलासुद्धा लगेच काढा असं कुणी सांगत नाही, फक्त कधी अचानक सूज आली, एक बाजू फुगली, पाणी साठल्यासारखं वाटलं तर त्याच आठवड्यात या, ते पाणी तपासावं लागतं. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. पुढची पाच वर्षं मी रोज अंघोळीनंतर आरशात ‘फुगली का’ ते पाहायचे. ‘आक्रसली का’ हे पाहायचं असतं, ते डोक्यातच नव्हतं.

तेव्हा झोप उडाली की मी वाचत बसायचे. या वस्तूची सुरुवात १९६२ची, टेक्सासमधल्या ह्यूस्टनची. टिमी जीन लिंडसी नावाची बाई हॉस्पिटलात छातीवरचा टॅटू काढून घ्यायला गेली होती. दोन सर्जन, क्रोनिन आणि गेरो, त्यांना नवीन वस्तू बसवून पाहायची होती. त्याआधी ती एस्मराल्डा नावाच्या कुत्रीत बसवून झाली होती. त्यांनी विचारलं, बाईंनी सांगितलं, मला तर कान मागे घ्यायचेत, बाहेर आलेत ते. कानही करून देऊ म्हणाले. हा व्यवहार वाचून मी मोबाइल पालथा घातला आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मला तिचे कान फार जवळचे वाटले. आपल्याला एक दुरुस्त करून हवं असतं आणि समोरच्याला दुसरंच काहीतरी करून पाहायचं असतं, असं किती वेळा होतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही, मी स्वतः मागून घेतलं. पण तरी.

तर पावणेनऊ. लग्न उरकलं, कोपरापर्यंतच्या बाहीत फोटो काढून झाले, आणि मी जानेवारीत सर्जनना गाठलं, पनवेलच्या पुढे जाऊन. जाण्याआधी काकूंकडे गेले आणि वहीतल्या माझ्या पानाचा फोटो काढू का विचारलं. त्यांना वाटलं मी दुसरा टेलर बघतेय. कारण सांगितल्यावर त्यांनी पान स्वतः सरळ केलं, हातशिलाईची डबी वर ठेवून. शोल्डर ते टक्स, उजवी आणि डावी. २०१५: दहा, पावणेदहा. २०१९: सव्वादहा, साडेनऊ. २०२२: साडेदहा, सव्वानऊ. २०२४: साडेदहा, पावणेनऊ. उजवी आपल्या वयाप्रमाणे उतरत गेलेली, डावी चढत गेलेली. डॉक्टरांनी तो फोटो मोठा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे. "हे कुणी ठेवलं?" मी म्हटलं, टेलरने. त्यांनी तो स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतला. मला इतका अभिमान वाटला, जसा काही काकूंचा पेपर परदेशात छापून आला.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. शरीरात कुठलीही परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती स्वतःचं एक आवरण विणतं. फणसाच्या आठळीवर तो पातळ चिवट पापुद्रा असतो ना, तसं, ही उपमा माझी. ते कॅप्सूल म्हणाले. बहुतेकींत तो पापुद्रा मऊच राहतो. काहींत तो जाड होतो, आवळत जातो, आत इम्प्लांट चेंडूसारखा गोल आणि कडक होतो, वर सरकतो. रेडिएशन झालेल्या जागी हे जास्त होतं. त्याला चार पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे हाताला काही कळत नाही, चौथी म्हणजे कडक, बेढब आणि दुखरी. "तुमची तिसरी. दुखतं का?" मी नाही म्हटलं आणि मग आठवलं, वर्षभर डावा खांदा दुखतोय. मी त्याचं खापर बँकेच्या खुर्चीवर फोडून दोनदा प्रशासनाला अर्ज दिला होता. नवीन खुर्ची आलीही. खांदा तसाच.

एमआरआयला पालथं झोपायचं असतं. छातीखाली दोन खड्डे असलेला पाट, त्यांत दोन्ही बाजू सोडायच्या, हनुवटी टेकवायची, हात वर. फक्त इम्प्लांट पाहायचा असेल तर शिरेतून औषध द्यावं लागत नाही, तेवढं बरं. मशीनवरची मुलगी लेकीच्या वयाची. "काकू, मंगळसूत्र, बांगड्या, पिना, सगळं काढलं ना? हलू नका हं." कानात बोळे घालूनही ते धाडधाड आवाज येत राहतात, आमच्या इमारतीत लाद्या बदलत होते तेव्हाचा आवाज. मी डोळे मिटून उजव्या खड्ड्याचा विचार करत होते. उजवीला पाटाचा गारवा लागत होता, कड टोचत होती. डावीकडून काहीच बातमी नव्हती. वीस-पंचवीस मिनिटं मी एका बाजूने मशीनमध्ये होते आणि दुसऱ्या बाजूने कुठे होते कोण जाणे.

रिपोर्टात होतं की इम्प्लांट आतल्या आत फाटलाय. जेल पापुद्र्याच्या आतच आहे, बाहेर पसरलेलं नाही. भोवती पाणी नाही. हे वाचून माझा धरलेला श्वास सुटला, कारण पाच वर्षं मी त्या पाण्याचीच वाट पाहत होते. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, जेलच्या पांढुरक्या अंधारात बारीक, वळ्या वळ्या पडलेल्या रेघा. ते म्हणजे फाटून आत कोसळलेलं कवच. रेडिऑलॉजिस्ट त्याला एका इटालियन पास्त्याचं नाव देतात, लिंग्विनी. मला त्या रेघा पाहून दुधात शिजत आलेल्या शेवया दिसल्या. आईच्या हातच्या, गव्हाच्या, हातावर वळून खाटेच्या दोरीवर वाळवलेल्या. कधी फाटला? सांगता येत नाही म्हणाले. म्हणजे कदाचित त्या पेढ्यांच्या दिवशीही तो फाटलेलाच होता. कदाचित दोन वर्षांपूर्वी, लोकलमध्ये कुणी ‘सॉरी’ म्हणालं तेव्हा. कदाचित असाच, काही न होता, एखाद्या मंगळवारी.

"घाई नाही," डॉक्टर म्हणाले, "पण ठेवण्यात अर्थ नाही." समोर तीन वाटा. पापुद्रा आणि इम्प्लांट दोन्ही काढून नवा बसवायचा, पण रेडिएशन झालेली कातडी आहे, पुन्हा आवळण्याचा धोका आहेच. किंवा पाठीचा नाहीतर पोटाचा स्वतःचा भाग आणून तिथे बसवायचा, मोठं ऑपरेशन, पण मग आयुष्यभर ते माझंच. किंवा काढायचं आणि सपाट ठेवायचं. तिसरी वाट सांगताना ते जरा थांबले, मी काय म्हणते ते पाहायला. मी विचारलं, महाबळेश्वरला कुठलं गार लागणार नाही? ते हसले, पण मी गंमत करत नव्हते.

घरी आल्यावर विम्याचं. विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या टीपीएकडून पहिलं उत्तर आलं ते एका शब्दाचं: कॉस्मेटिक. नवऱ्याने निळ्या फाइलीशेजारची पिवळी फाइल काढली. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या कलमातच लिहिलंय की सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही, मात्र अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. त्याने ती ओळ हायलाइटरने रंगवून परत पाठवली. बघू. तो रात्री त्या मेलची वाट पाहत बसतो आणि मी त्याच्याकडे पाहते. दहा वर्षांत त्याने मला एकदाही सांगितलं नाही, कसं दिसतं. मीही विचारलं नाही. या खेपेला विचारलं. तिसऱ्या वाटेबद्दल विचारलं, सरळच. तो पिवळ्या फाइलीची दोरी बांधत म्हणाला, "मला तुझ्या खांद्याचं वाटतं. रात्री कण्हतेस." मला हे ठाऊक नव्हतं. सासूबाई आता ८३च्या आहेत. त्या या वेळी ‘कशाला’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "नवं बसवायचं तर चांगल्या कंपनीचं बसव हो."

डॉक्टरांनी मार्चचा दुसरा आठवडा दिला होता. मी म्हटलं, मार्चएंडला बँकेतून कुणाला ऑपरेशनला सोडत नाहीत. मग एप्रिल ठरला. तोवर तिन्हींतलं एक सांगायचंय. कधी आंघोळ करताना वाटतं, काढून टाकावं, मोकळं व्हावं. मुंबईत काही बायका क्रोशाने सुती स्तन विणून फुकट देतात, ब्लाऊजच्या आत सरकवायचा आणि घरी आल्यावर काढून दोरीवर वाळत घालायचा, सोपं काम. कधी लग्नाच्या फोटोत पदर पाहिला की वाटतं, नाही, असू दे. पोटाचा भाग म्हटला की पोट कमी होईल असं मनात येऊन जातं, हेही कबूल करते. कुठलाच विचार पूर्ण रात्र टिकत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी काकूंकडे गेले. मेमध्ये पुतणीचं लग्न आहे, आणि मेपर्यंत मी सुई टोचून घेण्याच्या अवस्थेत असेन की नाही ठाऊक नाही, तेव्हा ब्लाऊज आधीच शिवून ठेवावं. नारायणपेठी, आमसुली रंगाची, मोरपंखी काठ. काकूंनी कापड टेबलावर पसरलं, हाताने सारखं केलं. मी म्हटलं, "काकू, एप्रिलमध्ये डावीकडचं ऑपरेशन आहे. तेव्हा मापाचं काय, ते मलाच माहीत नाही. वर जाईल, खाली येईल, की असणारच नाही."

त्यांनी टाचण्या काढल्या नाहीत. उजवीकडे टेप टाकली, वहीत पेनाने साडेदहा लिहिलं. डावीकडे टेप टाकलीच नाही. ड्रॉवर उघडून पेन्सिल शोधली, टोक नव्हतं, नखाने जरा सोललं, आणि तिरक्या रेघेच्या पलीकडे पेन्सिलने एक गोल काढला, रिकामा. मग खडूने कापडावर डावीकडच्या शिवणीबाहेर आणखी एक रेघ ओढली, नेहमीपेक्षा बरीच लांब.

"डावीकडे माया जास्त सोडते," एवढं मला नीट कळलं. "दोन बोटं. लागली तर उसवू, नाही लागली तर आत राहील." पुढचं टाचण्यांत गेलं. बाहीबद्दल असावं.

"कोपराच्या वर," मी सांगून टाकलं. "चांगली चार बोटं वर."